रात्री आठची बदली सिस्टर: ॲपवरून परिचारिका घेताना काय तपासावे, कुठे अडते

कोल्हापुरातल्या वीस-तीस खाटांच्या रुग्णालयात नाईटची सिस्टर अचानक रजेवर गेली की पूर्वी एकच मार्ग असे: नर्सिंग ब्युरोला फोन. आता ॲपही आहे. ड्युटीची वेळ, विभाग आणि दर टाकला की थोड्या वेळात तीन-चार नावे, फोटो आणि आधीच्या कामाच्या रेटिंगचे तारे पडद्यावर येतात. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्कातल्या रुग्णालयांना यातून इचलकरंजी, कागल, मिरज, कधी थेट निपाणीच्या मुली मिळतात. गणपती, दिवाळी, मे महिना या दिवसांत ब्युरोवाले फोन उचलत नाहीत, तेव्हाही ॲपवर कोणीतरी सापडते. सोय खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

आम्ही हे काम रुग्णालयाच्या ऑफिसच्या बाजूने करतो: मागणी टाकणे, कागद पाहणे, सिस्टरला वॉर्डात पोचवणे, बिल चुकते करणे. ते ज्या क्रमाने घडते त्याच क्रमाने पुढे लिहिले आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. परिचारिका पुरवणाऱ्या ॲपच्या किंवा ब्युरोच्या परवान्यावर विसंबून राहता येत नाही. परवाना मागितला की बहुतेक जण शॉप ॲक्टचा कागद पुढे करतात. तो २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालचा. त्यात मालकाचे नाव, पत्ता, कामगारांची संख्या असते. पाठवलेल्या सिस्टरचे शिक्षण कोणी तपासले याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० किंवा अधिक कंत्राटी माणसे असतील तिथे लागू होतात, म्हणजे चार बदली सिस्टर घेणारे छोटे रुग्णालय त्यातूनही सुटते. आणि रुग्णालयावर मात्र १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा पूर्ण लागू असतो: पुरेशा अर्हताप्राप्त परिचारिका नसतील तर नोंदणी नाकारता येते. शहरात ही नोंदणी महापालिकेकडे असते. तपासणीला आलेले अधिकारी ॲप पाहत नाहीत, ड्युटीवरच्या सिस्टरचा कागद पाहतात.

मागणी टाकताना

ॲपमध्ये बहुधा नर्स, केअरटेकर, टेक्निशियन असे मोजके पर्याय असतात. ‘नर्स’ निवडले की बीएस्सी, जीएनएम आणि एएनएम तिघी एकाच यादीत येतात. बीएस्सी नर्सिंग ही पदवी चार वर्षांची, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचे, एएनएम (ऑक्झिलिअरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचे. एएनएमचे शिक्षण मुख्यतः उपकेंद्र, लसीकरण, बाळ-बाळंतीण यांसाठीचे असते. तिला रात्री एकटीला सर्जिकल वॉर्ड देणे हा तिच्यावरही अन्याय आणि पेशंटवरही. याशिवाय खाजगी संस्थेतून सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे नर्सिंगचे प्रमाणपत्र घेतलेल्या मुलीही याच यादीत घुसलेल्या असतात. त्यांतल्या काही हाताला फार चांगल्या असतात, पण परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या परिचर्या परिषदेत त्यांची नोंद होत नाही. नोंद नाही तर इंजेक्शन नाही, सलाइन नाही, औषधांच्या कपाटाला हात नाही, एवढे सरळ ठेवावे. जनरल ड्युटी असिस्टंट म्हणजे जीडीए हा आणखी वेगळा वर्ग. अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे, चालवणे, लघवीचे माप लिहिणे ही त्यांची कामे, आणि ती चांगली झाली तर बेडसोअर होत नाहीत. त्यांना नर्सच्या दरात आणि नर्सच्या कामावर बोलावले की दोन्हीकडून नुकसान होते.

म्हणून मागणीत फक्त ‘नर्स हवी’ असे लिहू नये. आमचा मजकूर साधारण असा असतो: जीएनएम किंवा बीएस्सी, महाराष्ट्र परिषदेची चालू नोंदणी, सर्जिकल वॉर्डचा किमान वर्षाचा अनुभव, रात्री ८ ते सकाळी ८, बारा खाटा, सोबत एक कायम सिस्टर आणि एक मावशी. खाटांचा आकडा आणि सोबतीला कोण आहे हे लिहिले की दोन फायदे होतात. घाबरणारी आधीच नकार देते, आणि उद्या ‘मला इतके पेशंट सांगितलेच नव्हते’ हा वाद उरत नाही.

हिरव्या खुणेच्या मागे

नावासमोर ‘व्हेरिफाइड’ अशी हिरवी खूण असते. खूण नक्की कशाची, हे ॲपला लेखी विचारावे. उत्तर बहुधा असे येते की आधारचा ओटीपी आणि मोबाइल नंबर तपासला. पदवीचा आणि नोंदणीचा फोटो सिस्टरने स्वतः चढवलेला असतो. तो स्पष्ट दिसतो की नाही एवढेच पाहिलेले असते. क्वचित एखादे ॲप परिषदेच्या नोंदवहीशी ताडून पाहते. तसे असेल तर ते कोणत्या तारखेला ताडले हेही विचारावे, कारण नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि दोन वर्षांपूर्वी खरी असलेली नोंद आज संपलेली असू शकते.

तपासणी अशी करतो. महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक, भारतीय परिचर्या परिषदेच्या राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी हा ओळख क्रमांक असेल तर तो, आणि आधार, हे तीन कागद संध्याकाळी पाचच्या आत मागवायचे. परिषदेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून नाव, अभ्यासक्रम आणि नूतनीकरणाची तारीख जुळते का पाहायचे. मग आल्यावर दारातच मूळ कागद आणि चेहरा ताडायचा. शेवटची पायरी लोक टाळतात. बनावट कागदात बहुतेक वेळा क्रमांक खराच असतो, फक्त तो दुसऱ्या कोणाचा असतो. नुसता क्रमांक शोधून हे पकडता येत नाही. जन्मतारीख आणि फोटो पाहिला तरच कळते.

अडते कुठे? सगळ्यात जास्त अडते नावावर. नोंदणी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँकेचे खाते तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले. हा खोटेपणा नव्हे, पण त्याच जागी खोटेपणाही लपतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचे राजपत्र मागावे. दोन्ही नसेल तर त्या रात्रीची ड्युटी देऊ नये. दुसरी अडचण नूतनीकरणाची: अर्ज केला, पैसे भरले, पावती आहे, पण नोंद झालेली नाही. पावती म्हणजे नोंदणी नव्हे. नूतनीकरणासाठी सततच्या शिक्षणाचे तास लागतात, आणि ते कमी पडल्यामुळे अर्ज अडकलेला असू शकतो.

तिसरी अडचण आपल्या भागाची खास. निपाणी, चिक्कोडी, बेळगावकडच्या मुलींची नोंदणी कर्नाटक परिषदेची असते. कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात काम करायचे तर इथल्या परिषदेत परस्पर मान्यतेची नोंदणी करून घ्यावी लागते. त्यासाठी आधी मूळ परिषदेचे ना-हरकत पत्र. ॲपला राज्याची सीमा दिसत नाही, त्याला किलोमीटर दिसतात. निपाणीची सिस्टर चाळीस किलोमीटरवर आहे म्हणून ते तिला आपल्याच जिल्ह्यातल्या, पण लांबच्या चंदगडच्या मुलीआधी दाखवते. ती कामाला उत्तम असते, मराठीही आपल्यासारखीच बोलते, आणि कागदावर मात्र ती इथे नोंदलेली नसते. ॲपने नोंदणीच्या राज्याप्रमाणे यादी गाळायला हवी. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही, फक्त तसे बंधन कोणी घातलेले नाही.

वॉर्डात सोडण्याआधी

बदली सिस्टरला पावणेआठला बोलावून आठला वॉर्ड ताब्यात देऊ नये. साडेसातला बोलवावे आणि जादा अर्ध्या तासाचे पैसे द्यावेत. हँडओव्हर सोडून वीस मिनिटे लागतात: क्रॅश कार्ट म्हणजे तातडीच्या औषध-साधनांची गाडी कुठे, त्यातला घशात नळी घालताना लागणारा लॅरिंगोस्कोप पेटतो का, ऑक्सिजनची लाइन कुठून बंद होते, लाइट गेली तर जनरेटर आपोआप लागतो की खाली जाऊन लावावा लागतो, रात्रीचे डॉक्टर कोणत्या खोलीत झोपतात, रक्तपेढीला फोन कोणी करायचा. हे सगळे एका पानावर छापून तिची सही घ्यावी. पोटॅशियम क्लोराइड, इन्सुलिन, हेपॅरिन आणि गुंगीची औषधे कायम सिस्टरने काढावीत आणि दोघींनी मोठ्याने वाचून द्यावीत. कपाटाची किल्ली बदली सिस्टरकडे देऊ नये. अविश्वास म्हणून हे सांगत नाही. प्रत्येक रुग्णालयात तेच औषध वेगळ्या ताकदीचे आणि वेगळ्या रंगाच्या बाटलीत असते, आणि चुका हाताच्या सवयीने होतात.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम बदली-कायम असा फरक करत नाहीत. कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण, तसेच कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, ही जबाबदारी रुग्णालयाची. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. एका रात्रीसाठी आलेल्या सिस्टरला तो कोर्स आपण देऊ शकत नाही, म्हणून लसीचा दाखला मागणीतच लिहावा. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, इन्चार्जला लगेच सांगायचे. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. रात्री दोन वाजता टोचलेली सुई सकाळी आठला सांगितली तर सहा तास गेलेले असतात, आणि बदली सिस्टर सांगायला घाबरते, कारण तक्रार झाली तर तारे कमी होतील अशी तिला धास्ती असते. औषधांचा, तपासण्यांचा आणि बुडलेल्या ड्युट्यांचा खर्च कोणाचा? ॲपच्या अटींत ती ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असते. आम्ही तो खर्च रुग्णालयाचा असे सहीच्या पानावरच लिहून टाकतो. त्याने काही हजार जातात, पण सुई लपवली जात नाही.

आणखी एक प्रश्न रोज विचारावा: आज दिवसभर काय केलेस? एका रुग्णालयात आठ ते दोन, दुसऱ्यात दोन ते आठ, आणि तिसऱ्यात नाईट, असे चोवीस तास काढणाऱ्या मुली आहेत. प्रत्येक रुग्णालयाच्या मस्टरवर तिचे तास नियमात बसतात. एकत्र बेरीज फक्त ॲपकडे असते, आणि ॲपला ती बेरीज थांबवण्यात काही लाभ नाही. आधीच्या ड्युटीनंतर दहा तास झालेले नसतील तर आम्ही परत पाठवतो आणि येण्याजाण्याचे भाडे देतो. नियम करायचा झाला तर पहिला हा करावा: एका सिस्टरचे सर्व ठिकाणचे तास ॲपने मोजावेत आणि विश्रांती पुरी झाल्याशिवाय पुढची ड्युटी तिला दाखवूच नये. दोन-तीन ॲप वापरणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतो. तो ई-श्रम या केंद्राच्या असंघटित कामगार नोंदणीच्या क्रमांकाने सुटू शकतो, त्याविषयी खाली.

बाराशे रुपयांची फोड

हिशोब कळावा म्हणून एक उदाहरण धरू. रुग्णालय एका नाईटला १,२०० रुपये देते, त्यातले ९०० सिस्टरला मिळतात, ३०० ॲप ठेवते.

आधी ९०० पुरेसे आहेत का ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेचा पगार महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावा अशी शिफारस केली होती. २६ दिवसांनी भागले तर आठ तासांचे ७६९ रुपये, म्हणजे बारा तासांचे साधारण १,१५४. हा हिशोब कायम पगाराचा आहे. बदली सिस्टरला ना रजा, ना भविष्यनिर्वाह निधी, शिवाय इचलकरंजीहून येण्याचे भाडे तिचेच. तेव्हा तिच्या हातात ९०० पडत असतील तर दर कमी आहे, आणि तो कमी असल्याचे पडद्यावर कुठेही दिसत नाही. रुग्णालयाला १,२०० दिसतात, सिस्टरला ९००. दोघांना दोन्ही आकडे दिसले पाहिजेत. अमेरिकेत हा धंदा आपल्यापेक्षा मोठा आहे. तिथल्या काही ॲपवर परिचारिका एकाच ड्युटीसाठी बोली लावतात आणि सगळ्यात कमी मागणारीला काम मिळते. तिथल्या राज्यांनी हात घातला तो याच ठिकाणी: मिनेसोटात अशा पुरवठादारांना राज्याच्या आरोग्य विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि दरावर कमाल मर्यादा आहे, इलिनॉयने २०२२ मध्ये, सिस्टरला रुग्णालयाने कायम घेतल्यास एजन्सीने मागायची रक्कम बंद केली. ती रक्कम आपल्याकडेही मागतात. करारावर सही करण्याआधी ते कलम शोधून खोडायला लावावे.

आता जीएसटी. माणूस पुरवण्याच्या सेवेवर १८ टक्के. ॲपने पूर्ण १,२०० चे बिल दिले तर २१६ रुपये कर, एकूण १,४१६. फक्त स्वतःच्या ३०० वर लावला तर ५४, एकूण १,२५४. रुग्णालयाची उपचारसेवा करमुक्त असल्यामुळे भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो खर्चच होतो. साहजिकच सगळ्यांना दुसरे बिल आवडते. पण ॲप सिस्टर पुरवते की दोघांची फक्त गाठ घालून देते, हे बिलाच्या सोयीने ठरत नसते. दर कोण ठरवतो, बदली कोण पाठवतो, पैसे कोणाच्या खात्यातून फिरतात, कामावरून कोण काढतो, याची उत्तरे ‘ॲप’ अशी असतील तर ते पुरवठादार आहे. कर सल्लागाराला करार दाखवूनच बिलाचा नमुना ठरवावा. पैसे देताना टीडीएसही कापायचा असतो: ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी असेल तर २ टक्के.

ही फोड सामाजिक सुरक्षेच्या रकमेतही उतरते, आणि इथे खरे दुखणे आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, अंमल २१ नोव्हेंबर २०२५ पासून. तिच्या सातव्या अनुसूचीत ज्या ॲग्रिगेटरांची, म्हणजे ॲपवरून ग्राहक आणि कामगार यांची गाठ घालणाऱ्यांची, यादी आहे त्यात टॅक्सी, जेवण पोचवणे यांच्याबरोबर आरोग्यसेवा स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे सिस्टर पुरवणारे ॲप यात येते, शंका नको. कलम ११४ प्रमाणे अशा ॲग्रिगेटराने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायची, मात्र ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या वर जाणार नाही. आमच्या उदाहरणात उलाढाल १,२०० धरली तर २ टक्क्यांनी २४ रुपये. ॲपने ‘आम्ही फक्त दुवा, आमची उलाढाल ३०० च’ असे म्हटले तर ६ रुपये. १ टक्का ठरला तर ३. एका रात्रीमागे ३ रुपये जमा करून सिस्टरच्या बाळंतपणाचे किंवा अपघाताचे काय होणार?

शेजारच्या कर्नाटकाने २०२५ च्या प्लॅटफॉर्म कामगार कायद्यात हे दार बंद केले. तिथे कल्याण शुल्क कामगाराला दिलेल्या रकमेवर, १ ते ५ टक्के. ९०० वर ९ ते ४५ रुपये, आणि ॲप स्वतःला काहीही म्हणवून घेवो, आधार बदलत नाही. त्यांच्याही अनुसूचीत आरोग्यसेवा आहे. राजस्थानने २०२३ मध्ये पहिला असा कायदा केला. हे लिहीपर्यंत महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा नाही. झाला तर आकारणी दिलेल्या मोबदल्यावर हवी, ही आमची पहिली मागणी.

दुसरे असे की संहितेची गिग कामगाराची, म्हणजे कामागणिक पैसे घेणाऱ्याची, व्याख्या नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेरच्या कामाची आहे. जेवण पोचवणाऱ्याला ती बसते. पण वॉर्डात उभी असलेली सिस्टर इन्चार्जच्या हुकमाने चालते, रुग्णालयाच्या रजिस्टरात सही करते, गणवेश घालते, ठरलेल्या वेळेआधी जागा सोडू शकत नाही. बाहेरचे नाते म्हणायचे ते कशाला? एखादी सिस्टर महिन्याला वीस नाईट आमच्याकडेच करत असेल तर तिला ॲपवर ठेवणे हा कायद्याचा धोका रुग्णालयाने ओढवून घेणे आहे. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) तपासनीस तिला आमचीच कामगार म्हणू शकतो. अशा वेळी तिला सरळ पगारावर घ्यावे.

तारे आणि पंचगंगा

ॲपवर सिस्टरची किंमत ताऱ्यांनी ठरते. ड्युटी रद्द केली की तारे उतरतात, तारे उतरले की चांगल्या ड्युट्या दिसेनाशा होतात. कोल्हापुरात याचा अर्थ जुलै-ऑगस्टमध्ये कळतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. हातकणंगलेकडून येणारी सिस्टर त्या रात्री शहरात पोचूच शकत नाही, आणि ॲपच्या खात्यात ती ‘न कळवता गैरहजर’ ठरते. माणसाला सांगितले तर त्याला कळेल, पण तिथे उत्तर द्यायला माणूस नसतो, ठरावीक वाक्ये असतात.

केंद्राच्या संहितेत ताऱ्यांबद्दल एक शब्द नाही. कर्नाटकाच्या कायद्यात कामगाराला काढायचे तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि आपोआप निर्णय घेणारी यंत्रणा कशी चालते ते सांगावे लागते. आरोग्याच्या ॲपसाठी याहून थोडे जास्त हवे. जिल्हा प्रशासनाने रस्ता बंद केल्याच्या काळातली रद्द ड्युटी मोजू नये. सुई टोचल्याची, डॉक्टरांच्या तोंडी आदेशाला नकार दिल्याची, नोंदीत खरे लिहिल्याची शिक्षा ताऱ्यांतून होऊ नये. आम्ही स्वतः तारे देताना ‘उशीर’, ‘कौशल्य’, ‘वागणूक’ वेगवेगळे लिहितो, आणि एकदम एक तारा देण्याआधी सिस्टरला फोन करतो. उलट, गंभीर चूक झाली तर तारे कमी करून गप्पही बसू नये. परिषदेला लेखी कळवावे. तारा कमी झाल्याने ती सांगलीच्या रुग्णालयात जाईल, एवढेच.

घरी बोलावलेली बाई

रुग्णालयाला निदान दार आहे आणि दारात कागद पाहणारे कोणी आहे. कमरेचे हाड मोडलेल्या आजीजवळ बसायला चोवीस तासांची बाई ॲपवरून मागवणाऱ्या घराला तेही नाही. शुश्रूषागृह कायदा घराला लागत नाही. मुलगा पुण्यात, सून नोकरीला, आणि बाई आल्यावर तिला मावशी म्हणायचे की सिस्टर, इथपासून गोंधळ. आमच्याकडून सुट्टी झालेल्या पेशंटच्या नातेवाइकांना आम्ही एक यादी देतो. नाकातली नळी घालणे, शिरेतून औषध, श्वासनलिकेचे सक्शन, लघवीची नळी बदलणे यांतले काहीही लागत असेल तर परिषदेची नोंदणी असलेलीच परिचारिका. नुसते भरवणे, फिरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे असेल तर जीडीए चालते. इन्सुलिनची सुई कोण देणार हे पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर लिहावे. ‘ती देते हो, तिला येते’ यावर सोडू नये. महाराष्ट्र पोलिसांची चारित्र्य पडताळणी ऑनलाइन अर्जाने होते. ॲपने केली म्हटले तर दाखल्याची प्रत मागावी, तारीख पाहावी. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी असलेली बाई नव्हे. तिला सलग झोप आणि दिवसातून दोन-तीन तास मोकळे मिळाले नाहीत तर चौथ्या दिवशी ती जाते, आणि ॲप दुसरी पाठवते जिला पुन्हा सगळे पहिल्यापासून सांगावे लागते.

ई-श्रम आणि तक्रारी

ई-श्रमवर नोंद सिस्टरने स्वतः करायची, फी नाही. आधारला जोडलेला मोबाइल हातात हवा, कारण ओटीपी त्यावर येतो. बंद पडलेला जुना नंबर हेच अडण्याचे पहिले कारण. पत्ता, शिक्षण, व्यवसाय, बँक खाते भरल्यावर १२ अंकी क्रमांक मिळतो. प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंद करताना आपले ॲप यादीत सापडत नसेल तर बहुधा ॲपनेच तिथे स्वतःची नोंद केलेली नसते. तसे लेखी विचारावे. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या कामगारांना ओळखपत्र आणि पीएम-जय (आयुष्मान भारत) खालचे आरोग्य कवच जाहीर झाले होते. हाच १२ अंकी क्रमांक सर्व ॲपना सक्तीचा केला तर वर सांगितलेली तासांची बेरीज एका ठिकाणी होईल.

तक्रार कुठे करायची हे ती कोण करते यावर अवलंबून. घरी बाई बोलावणारे कुटुंब हे ग्राहक आहे: ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्यात निराकरण द्यायला हवे, नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. रुग्णालय व्यवसायासाठी सेवा घेते, म्हणून त्याला ग्राहक म्हणून उभे राहणे कठीण. त्याचे हत्यार म्हणजे करार. त्यात नोंदणी तपासल्याची ॲपची लेखी हमी, खोटी निघाल्यास नुकसानभरपाई आणि वाद कोल्हापूरच्या न्यायालयात चालतील हे कलम असावे. छापील करारात ते बहुधा बंगळुरू किंवा गुरुग्राम असते. पेशंटचे नुकसान झाले तर ‘नर्स ॲपची होती’ हा बचाव ग्राहक आयोगापुढे टिकत नाही, म्हणून रुग्णालयाच्या विमा पॉलिसीत बदली कर्मचारी येतात का ते एजंटकडून लेखी घ्यावे. सिस्टरचे पैसे अडले तर सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात एजंटमार्फत आलेली तात्पुरती कर्मचारीही येते. रुग्णालयात दहा किंवा अधिक माणसे असतील तर अंतर्गत समितीकडे, नसतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे आणि फोन आम्ही त्याच वीस मिनिटांच्या पानाच्या मागे छापतो.